आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारे मुळात काय शिकलेले असतात?

वारणाकाठ

माझी भाची यंदा राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली. पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचं म्हणते. आमच्या दोन्ही घरांत या विषयातलं कुणी नाही. बहीण म्हणाली, "ताई, तू कॉलेजच्या लायब्ररीत असतेस, तूच बघ काय ते." तेव्हापासून रात्री मागचं आवरून झालं की आम्ही मावशी-भाची एकेका विद्यापीठाच्या साइटवर प्राध्यापकांची माहिती वाचत बसतो. फी, हॉस्टेल, प्रवेश परीक्षा यांची वही केव्हाच भरली. मी अडकलेय ती प्रत्येक नावाखालच्या चार ओळींत: पदवी कशातली, पीएचडी कशावर, अभ्यासाची आवड कशात.

मला वाटलं होतं, सगळे राज्यशास्त्राचेच असतील. पण कुणी इतिहासाचं आहे, कुणी कायद्याचं, कुणी अर्थशास्त्राचं, कुणी फारसी शिकून आलेलं. वर्तमानपत्रांत परराष्ट्र धोरणावर लिहिणारे सी. राजा मोहन जेएनयूत प्राध्यापक होते, आणि त्यांची पदव्युत्तर पदवी अणुभौतिकीतली. पुष्पेश पंतांना मी टीव्हीवर खाद्यसंस्कृतीवर बोलताना ऐकलं होतं. तेही जेएनयूत हाच विषय शिकवत होते, हे मला आत्ता कळलं.

सगळ्यात जास्त थांबले ते ए. अप्पादोराईंपाशी. त्यांचं ‘द सबस्टन्स ऑफ पॉलिटिक्स’ आमच्या लायब्ररीत आहे, आतलं तारखांचं पान शिक्क्यांनी भरलेलं. १९५५ साली दिल्लीत सप्रू हाऊसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं, त्याचे हे पहिले संचालक. तीच संस्था १९७० मध्ये जेएनयूत गेली. आणि यांचं स्वतःचं मद्रास विद्यापीठातलं मोठं काम कशावर? इसवी सन १००० ते १५०० या काळातल्या दक्षिण भारताच्या आर्थिक परिस्थितीवर. चोळ आणि विजयनगरच्या बाजारपेठा अभ्यासलेल्या माणसाने देशात या विषयाची पहिली मोठी शाळा चालवली!

तर विचारायचं असं की, शिक्षकाचं मूळ शिक्षण आणि आवड यांचा वर्गात खरंच फरक पडतो का? भाचीने विद्यापीठ निवडताना हे बघावं, की नाव आणि रँकिंग बघून मोकळं व्हावं?

कंदील

बघावंच. मी हा विषय अकरा वर्षं शिकवतोय आणि माझी पदवी इतिहासाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या विषयाला स्वतःचं माहेर नाही. तो उभा केला तो दुसऱ्या घरांतून आलेल्या माणसांनी. १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ इथे जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय राजकारणाचं अध्यासन सुरू झालं. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणींनी पहिल्या महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यासाठी २०,००० पौंडांची देणगी दिली. त्यावर पहिले बसले आल्फ्रेड झिमर्न, ते प्राचीन ग्रीसचे अभ्यासक. अथेन्सच्या नगरराज्यावर पुस्तक लिहिलेला माणूस राष्ट्रसंघाची स्वप्नं बघत होता, यात मला विसंगती दिसत नाही. नागरिक एकत्र बसून निर्णय घेतात यावरचा विश्वास त्यांनी ग्रीसमधूनच आणला होता.

१९३६ मध्ये त्याच अध्यासनावर ई. एच. कार आले. शिक्षण ग्रीक-लॅटिनचं, पण मध्ये वीस वर्षं ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरी. रिगाला नेमणूक असताना ते रशियन साहित्यात शिरले आणि दस्तयेव्हस्कीचं चरित्र लिहून बसले. १९३९ मधल्या त्यांच्या ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ने झिमर्नच्या पिढीच्या आशावादाचे वाभाडे काढले. खुर्ची तीच होती, पण झिमर्न वाचनालयातून आले होते आणि कार फायलींच्या ढिगातून.

या विषयातली पुढची मोठी नावंही तशीच. हान्स मॉर्गेन्थाऊ जर्मनीतले वकील. केनेथ वॉल्ट्झ आधी अर्थशास्त्रात होते, मग राजकीय तत्त्वज्ञानात आले. त्यांचं १९७९ मधलं पुस्तक वाचताना हे अर्थशास्त्र पानापानांवर दिसतं: बाजारात कंपन्यांना जसं टिकून राहण्यासाठी एकमेकींकडे बघून वागावं लागतं, तसं जगात राष्ट्रांना. सुझन स्ट्रेंज यांनीही अर्थशास्त्रच घेतलं होतं, पण त्या पत्रकारितेतून आल्या, आणि पैसा कुणाच्या हातात आहे हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही.

आता वर्गातला फरक. विषय १९६२ चं युद्ध असा घ्या. इतिहासाचा शिक्षक तुम्हाला नेहरू आणि चौ एन लाय यांचा पत्रव्यवहार ओळीओळीने वाचायला लावेल. कायद्याचा शिक्षक १९१४ च्या सिमला परिषदेत जाऊन बसेल: ब्रिटिश आणि तिबेटी प्रतिनिधींनी सही केली, चीनच्या प्रतिनिधीने मसुद्यावर नुसती आद्याक्षरं केली आणि त्याच्या सरकारने तीही नाकारली, मग तिथे आखलेल्या मॅकमहोन सीमारेषेला आधार किती? अर्थशास्त्राचा शिक्षक विचारेल की त्या वर्षी कोणता देश काय झेपवू शकत होता. सिद्धान्तात मुरलेला शिक्षक फळ्यावर दोन देशांचे दोन चौकोन काढेल आणि पहिल्या तासाला नेहरूंचं नावही घेणार नाही. चौघंही बरोबर शिकवत असतील. पण दोन वर्षं चौघांपैकी एकाच प्रकारचे शिक्षक मिळाले, तर विद्यार्थी एका डोळ्याने बघायला शिकतो. म्हणून विभागात सरमिसळ आहे का ते तपासा. पाच जण आणि पाचही एकाच विद्यापीठाचे, एकाच गाइडचे, असं दिसलं तर मी दोनदा विचार करीन.

आंबेहळद

वाचनखूण साठवली. मुलगा बारावीला आहे, दोन-तीन वर्षांनी लागेलच.

टपालपेटी

कंदील, प्रतिसाद आवडला. त्यात एक भर घालतो, कारण आवडीचा विषयच नकाशावरून पुसला गेला तर काय होतं ते मी जवळून बघितलंय.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात तेव्हा सोव्हिएत अभ्यास केंद्र होतं. माझा जवळचा मित्र तिथे संशोधन करायचा आणि मी त्याच्याबरोबर तिथल्या वाचनालयात पडीक असायचो. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच संपला. मित्र म्हणाला, "माझ्या विषयाची आता तेरवी." पुढच्या काही वर्षांत मात्र मी वेगळंच चित्र बघितलं. ज्यांना रशियन वाचता येत होतं, जे मुळात अर्थशास्त्रातून आले होते आणि सोव्हिएत नियोजन, कापूस, तेल, पाणी यांची आकडेवारी ज्यांच्या हाताखालून गेली होती, ते उझबेकिस्तान-कझाकस्तानकडे सहज वळले. त्यांच्यासाठी देश एकाचे पंधरा झाले होते, एवढंच. ज्यांचं सगळं काम भारत-सोव्हिएत मैत्री कराराच्या भाषणांवर उभं होतं, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. केंद्राचं नावही बदलून मध्य युरेशियन अभ्यास केंद्र झालं.

नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेच्या विषयांच्या यादीत आंतरराष्ट्रीय संबंधांचं लांबलचक नाव आहे, त्यात पश्चिम आशिया, आफ्रिका, दक्षिण आशिया यांच्या रांगेत ‘सोव्हिएत अभ्यास’ कितीतरी वर्षं तसाच छापलेला आहे. मला तो शब्द दिसला की मित्राची आठवण येते. तो पुढे ताश्कंदला जाऊन आला, चांगला मोठा प्राध्यापक झाला.

तर मावशी, पीएचडीच्या विषयाचं नाव बघाच, पण त्या विषयाखाली कोणतं कसब आहे तेही बघा.

अबोली

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन आणि नंतर रशियन शिकले, त्यामुळे माझा मुद्दा भाषेचा. कंदील यांच्या सरमिसळीपेक्षा मला ही कसोटी जास्त खरी वाटते. चीनवर शिकवणारे शिक्षक चिनी वाचतात का? इराणवर लिहिणाऱ्यांना फारसी येते का? येत नसेल तर ते लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये लिहिलेलं वाचून आपल्याला सांगतात. मग आपण थेट तेच का वाचू नये?

गोवा विद्यापीठात लॅटिन अमेरिकन अभ्यासाचं केंद्र होणं मला म्हणूनच फार योग्य वाटलं. पोर्तुगीज वाचणारी माणसं जिथे घराघरांत होती, तिथून ब्राझीलकडे बघायचं. तिरुपतीच्या श्री वेंकटेश्वर विद्यापीठात आग्नेय आशियाचा अभ्यास होतो, मुंबईत आफ्रिकेचा, कारण समुद्रमार्गाच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसं होती. ज्या जागेचा ज्या प्रदेशाशी जुना संबंध, तिथे त्याचा अभ्यास, ही कल्पना चांगली होती. ती सगळीकडे सारखी जोपासली गेली असं मात्र दिसत नाही.

आणि आपल्या घरचं एक उदाहरण. हल्ली प्रत्येक विभागात कौटिल्य शिकवतात. राजमंडल म्हणजे शत्रू-मित्र राज्यांचं वर्तुळ, षाड्गुण्य म्हणजे परराष्ट्र धोरणाचे सहा मार्ग, सगळं. त्यासाठी आजही त्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची जी प्रत हातात घ्यावी लागते ती आर. पी. कंगले यांची, मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत काढलेली. कंगले संस्कृतचे प्राध्यापक. संहितेची प्रत्येक पाठभेदासकट तपासणी करणाऱ्या त्या माणसाच्या श्रमांवर आज जगभरचे आंतरराष्ट्रीय संबंधांचे वर्ग चालतात, आणि विभागाच्या पानावर कुठे संस्कृत येणारं माणूस दिसतं का? मला तरी फार क्वचित दिसलं.

कंदील

अबोली, भाषेचा मुद्दा मान्य. पण भाषा येते म्हणून प्रश्न चांगला पडतोच असं नाही. उत्तम चिनी येणारे आणि तरीही सरकारी प्रसिद्धिपत्रकापलीकडे न गेलेले लोक मी बघितलेत. दोन्ही हवं. एकच मिळणार असेल तर मी प्रश्न विचारणारा शिक्षक घेईन. भाषा विद्यार्थ्याला स्वतः शिकता येते.

कौटिल्यावरून आठवलं. विनयकुमार सरकार यांचा ‘हिंदू थिअरी ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’ हा लेख अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या मुख्य नियतकालिकात १९१९ साली आला. म्हणजे ॲबरिस्टविथचं अध्यासन निघालं त्याच वर्षी. सरकार पुढे कलकत्ता विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होते. विषयाचा जन्म सांगताना मी दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगतो.

दूरदेशी

ॲबरिस्टविथचं नाव वाचून लॉगिन केलं. मी तिथे एम.ए. केलं. समुद्राकाठचं छोटं गाव, वारा इतका की छत्री उघडण्यात अर्थ नाही. आमच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने आपण या विषयात कुठल्या दाराने आलो ते सांगितलं. एक जण तत्त्वज्ञानातून, एक जण साहित्यातून, एक बाई निर्वासितांच्या छावणीत काम करून आलेल्या. त्यानंतर निबंधासाठी कुणाकडे जायचं हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

तिथेच मला मर्झ टेट यांच्याबद्दल पहिल्यांदा कळलं. मिशिगनच्या शेतकरी कुटुंबातली कृष्णवर्णीय मुलगी, १९३५ मध्ये ऑक्सफर्डची पदवी मिळवते, पुढे हार्वर्डशी जोडलेल्या रॅडक्लिफमधून पीएचडी, निःशस्त्रीकरणावर पुस्तक. मग १९४२ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात इतिहास विभागात तीस-पस्तीस वर्षं शिकवतात. १९५०-५१ मध्ये त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर शांतिनिकेतनला येऊन राहिल्या होत्या. आपल्याकडे इतक्या जवळ येऊन गेलेली ही बाई आपल्या कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

रानमेवा

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, मराठी माध्यमातून. आमच्या नावाखाली कुठल्या साइटवर ‘अभ्यासाची आवड’ असा रकाना नाही. पाश्चात्त्य विचारवंत, महाराष्ट्राचं राजकारण, लोकप्रशासन आणि आंतरराष्ट्रीय संबंध, चारही पेपर मीच घेतो. तरी आवड असते हो.

आमच्या भागात सगळा ऊस. जागतिक व्यापार संघटना शिकवायची वेळ आली की मुलं जांभया द्यायची. मग २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखरेच्या अनुदानाविरुद्ध तिथे तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला. मी एफआरपीचा, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दराचा, आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, तुमच्या बापाच्या उसाच्या दराबद्दल जिनिव्हात भांडण चाललंय. मागच्या बाकावरची पोरं पुढे आली. तंटा निवारण मंडळ, त्यावरचं अपील, अपील मंडळावर सदस्यच नाहीत म्हणून अडकलेलं प्रकरण, सगळं त्यांनी मला विचारून विचारून काढून घेतलं. माझी एम.ए.ची पदवी राज्यशास्त्राची आहे, पण हा तास मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणून घेतला.

एवढंच सांगायचं होतं की, शिक्षकाची पार्श्वभूमी म्हणजे फक्त पदव्या नव्हेत.

वारणाकाठ

रानमेवा सर, तुमचा प्रतिसाद भाचीला मोठ्याने वाचून दाखवला. ती गप्पच झाली थोडा वेळ.

चौकी

सैन्यातून आलेल्यांचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात अधिकाऱ्यांना मद्रास विद्यापीठाची संरक्षण व सामरिक अभ्यासातली एम.एस्सी. मिळते. त्यानंतर पीएचडी करून शिकवणारे बरेच आहेत. अमेरिकेतले या विषयाचे अभ्यासक जॉन मिअरशायमर वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे, पाच वर्षं हवाई दलात अधिकारी होते, मग कॉर्नेलची पीएचडी. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली आहे: किमान १५ वर्षांचा वरिष्ठ पातळीवरचा अनुभव, पीएचडीची अट नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. निवृत्त राजदूत, जनरल यांना हे दार उघडं झालं.

मी स्वतः चौकीवर होतो, आणि तरीही म्हणेन की अनुभव सांगणं आणि शिकवणं यांत फरक आहे. आमचे काही वरिष्ठ सुंदर आठवणी सांगतात, पण विद्यार्थ्याने प्रतिप्रश्न केला की त्यांना तो उद्धटपणा वाटतो. ज्याने बाहेर काम केलं आणि मग पाच वर्षं बसून वाचलं, त्याच्या वर्गात जा.

पाटीपेन्सिल

थोडं व्यवहाराचं, कारण मी यात पोळलोय. एका विद्यापीठात मी गाइडचं पान वाचून गेलो. आवड म्हणून ‘अण्वस्त्रप्रसारबंदी’ लिहिलेलं होतं. गेल्यावर कळलं की पान कित्येक वर्षांपूर्वीचं, सरांनी तो विषय केव्हाच सोडला होता आणि तीन वर्षांच्या आत निवृत्तही होणार होते. २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा शिक्षकांना नवे पीएचडीचे विद्यार्थी घेता येत नाहीत. माझं एक वर्ष गेलं.

तेव्हा साइटवर विसंबू नका. शोधगंगावर जा, तिथे देशभरातले प्रबंध गाइडच्या नावासकट आहेत. गेल्या सात-आठ वर्षांत त्या गाइडकडे कोणते विषय झाले ते बघा. त्यात खरी आवड दिसते. प्रबंध उघडून संदर्भसूची चाळा: मूळ कागदपत्रं, मुलाखती, इतर भाषांतली पुस्तकं आहेत की नुसते इंग्रजी लेख. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, तीही जागा शिल्लक आहे का विचारा. भाची आत्ता एम.ए.च करतेय, पण तिथूनच पुढचा गाइड ठरतो बऱ्याचदा.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस लिहायला जमलं नाही, पण काम चालू होतं.

तुमचे प्रतिसाद वाचून भाचीने मलाच उलटं विचारलं, "मावशी, शिक्षकांची आवड बघतोय, माझी आवड काय ते कुणी विचारलंच नाही." खरंच होतं ते. मग ती बोलली. २०१९ च्या पुरात आमच्या घरात दुसऱ्या मजल्यापर्यंत पाणी होतं. तेव्हा ही शाळेत होती. अलमट्टीचे दरवाजे, कर्नाटकाशी बोलणी, कोयनेचा विसर्ग, हे शब्द तिने गच्चीवर बसून ऐकले. तिला नद्यांच्या करारांवर काम करायचंय. भारत आणि बांगलादेश यांचा गंगेचा करार १२ डिसेंबर १९९६ चा, तीस वर्षांचा, म्हणजे मुदत २०२६ मध्ये संपणारा. सिंधू करार १९६० चा, तो भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित ठेवला. हे सगळं ती मला न थांबता सांगत होती आणि मी वहीत लिहून घेत होते.

आवड कळल्यावर यादी एकदम छोटी झाली. शोधगंगावर तीन रात्री घालवल्या. पाणी हा विषय घेणारे शिक्षक तीन सापडले: एक कायद्याचे, एक राज्यशास्त्राच्या, एक बाई पदवीला भूगोल घेतलेल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधात नदीची मोजमापं होती, गावांतल्या मुलाखती होत्या. भाचीने तिघांनाही मेल लिहिला, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. दोघांची उत्तरं आली. भूगोलाच्या बाईंनी लिहिलंय की प्रवेश परीक्षा दे, पास झालीस तर ये, आणि येण्याआधी बांगला वाचायला शिक, कारण गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याबद्दल ढाक्यातली वर्तमानपत्रं काय लिहितात ते तुला स्वतः वाचता आलं पाहिजे.

अबोली, तुमची आठवण आली. सांगली-कोल्हापुरात बांगला शिकवणारं कुणी आहे का?

अबोली

खूप आनंद झाला वाचून! कोल्हापूरचं मला माहीत नाही, पण लिपी मी शिकवू शकते. मराठी आणि संस्कृत येणाऱ्याला बांगला अक्षरं पंधरा दिवसांत वाचता येतात, शब्द निम्मे ओळखीचेच निघतात. रविवारी सकाळी दहा ते अकरा मी मोकळी असते. भाचीला व्यनि (खासगी निरोप) करायला सांगा, या रविवारपासूनच सुरू करू.